घरांतील प्रकाशयोजना



नवें घर घेतलें किंवा जुन्या घराची दुरुस्ती काढली, म्हणजे कुटुंबांत महिना-दोन महिने चर्चेला ऊत येतो. फरशी कोणत्या रंगाची घ्यावी, कपाटें कोठें बसवावींत, ओट्याचा दगड काळा असावा कीं पांढरा, ह्या प्रत्येक प्रश्नावर घरांतील लहानथोरांचें स्वतंत्र मत असतें. मग एके दिवशीं वायरमन येतो, कानावरची पेन्सिल काढून छताकडे पाहतो आणि विचारतो, “दिव्याचा पॉइंट कोठें काढूं?” ह्या एका प्रश्नाला मात्र सारें घर एकमुखानें उत्तर देतें, “काढा कीं मधोमध!” चर्चा तेथेंच संपते. पुढें वीस-पंचवीस वर्षें तें कुटुंब त्या एका शब्दाखालीं जेवतें, वाचतें, शिवतें, आजारी पडतें आणि म्हातारें होतें.

त्या ‘मधोमध’विषयींच आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. दिव्यांची मांडणी हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरता विषय आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः हा विषय ओट्याशीं उभ्या राहणाऱ्या गृहिणीचा, परीक्षेच्या दिवसांत जागणाऱ्या मुलाचा आणि रात्रीं दोन वाजतां उठून मोरीकडे चांचपडत जाणाऱ्या वृद्धाचा आहे. ह्या तिघांची सोय नीट लागली, म्हणजे घराची शोभा फारशी दूर राहत नाहीं.

आपल्या पणजीच्या काळीं घरांत उजेड फार थोडा असे, ह्यांत शंका नाहीं. पण तो थोडा उजेड कोठें न्यावयाचा, हें तिला पक्कें ठाऊक होतें. देवापुढें समई असे. माजघराच्या भिंतींत दिव्यासाठीं मुद्दाम ठेवलेला कोनाडा असे. जेवणाच्या पंक्तीशेजारीं कंदील येई, आणि गोठ्याकडे जावयाचें झालें, तर तोच कंदील हातांत घेऊन माणूस निघे. दिवा लहान, म्हणून तो कामाच्या जवळ नेणें भागच होतें. पुढें १९०५ सालीं मुंबईस वीज पुरविणारी कंपनी निघाली. १९१५ सालीं खोपोलीस पाण्याच्या जोरावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली. आणि हळूहळू शहरांतील घरेंहि उजळलीं. काजळी गेली, रॉकेलचा वास गेला, कंदिलाची कांच पुसण्याचें रोजचें काम गेलें. विजेचे हे उपकार कोणीं विसरूं नयेत. परंतु ह्या सुखांत एक उलटापालट झाली. दिवा छताला जाऊन बसला. पूर्वीं दिवा माणसाकडे जात असे; आतां माणसानें दिव्याकडे जावें, असें ठरलें. छताचा दिवा जागचा हलत नाहीं, आणि आपलीं कामें तर खोलीच्या कडेकडेनें, भिंतींशीं चाललेलीं असतात.

येथें पदार्थविज्ञानांतील एक साधा नियम उपयोगी पडतो. दिव्यापासून वस्तु जितकी दूर, तितका तिच्यावरचा उजेड कमी, हें सर्वांना ठाऊक आहे. पण तो किती कमी होतो, ह्याची कल्पना पुष्कळांना नसते. लहान दिव्याचें अंतर दुप्पट केलें, तर उजेड निम्मा राहत नाहीं, चौथा हिस्सा राहतो. उलट अंतर चौथ्या हिश्श्यावर आणलें, तर उजेड सोळापट होतो. सहा फुटांवरच्या दिव्याखालीं जी वही अंधुक दिसते, तिच्यापासून दीड फुटावर तोच दिवा आणून ठेवा. भिंतींवरून परत येणारा प्रकाश हिशेबांत धरला नाहीं, तर वहीवर सोळापट उजेड पडेल. खोली अंधारी वाटते म्हणून छताला अधिकाधिक मोठे दिवे लावीत जाणें, हा पैशाचा आणि विजेचा अपव्यय आहे. लहान दिवा जवळ आणला, म्हणजे तेंच काम थोड्या खर्चांत होतें.

योजना करतांना तीन प्रकारचे उजेड मनांत वेगळे धरावेत. पहिला वावराचा उजेड; माणूस कोठें बसला आहे, पाट कोठें आहे, हें त्यानें दिसावें. दुसरा कामाचा उजेड. हा पुस्तकावर, ओट्यावर, शिवणाच्या यंत्रावर पडावा. तिसरा शोभेचा उजेड. एखादें चित्र, पुस्तकांचें कपाट किंवा कोपऱ्यांतील हिरवें झाड ह्यांच्याकडे त्यानें दृष्टि वळवावी. उजेडाचें परिमाण लक्स हें आहे. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन प्रकाश सारखा पडला, तर तेथें एक लक्स उजेड आहे असें म्हणतात. साधारणपणें वावरण्यास पन्नास ते शंभर लक्स पुरतात, निवांत वाचण्यास तीनशेच्या आसपास लागतात, आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानें टांके घालावयाचे, तर त्याच्या दुप्पटहि थोडेच पडतात. एकाच दिव्यानें हीं सर्व कामें करूं गेल्यास वावरणाऱ्याला तो भगभगीत वाटतो आणि शिवणाऱ्याला अपुरा पडतो.

आतां एकेका खोलींत शिरूं. प्रथम स्वयंपाकघर. ओटा बहुधा भिंतीशीं असतो आणि दिवा खोलीच्या मध्यभागीं, म्हणजे काम करणाऱ्याच्या पाठीमागें. त्यामुळें भाजी चिरतांना, तांदूळ निवडतांना, फोडणीचा रंग पाहतांना तिची स्वतःचीच सावली नेमकी हातांवर पडते. वर्षानुवर्षें आपल्याच सावलींत काम करणाऱ्या ह्या बाईला कोणी विचारीत नाहीं, आणि तीहि बोलत नाहीं. भातांत खडा लागला, म्हणजे दोष मात्र तिच्या लक्षाला येतो. उपाय सोपा आहे. ओट्यावरच्या कपाटाच्या किंवा फळीच्या तळाला, पुढल्या कडेशीं, आठ-दहा वॅटची एक लांबट एलईडी पट्टी बसवावी. पट्टीच्या पुढें बोट-दोन बोटांची आड ठेवावी, म्हणजे दिवा डोळ्यांवर न येतां ओट्यावर पडतो. स्वयंपाक करणाऱ्यानें एकदां ह्या उजेडांत काम केलें, कीं पुन्हां त्या ‘मधोमध’च्या वाटेला तो जाणार नाहीं.

त्यानंतर घरांतील वडील मंडळी. एका कोपऱ्यांत आरामखुर्ची असते. आजोबा तींत बसून वर्तमानपत्र उघडतात, थोड्या वेळानें मिटतात आणि म्हणतात, “आतां दिसत नाहीं रे.” घरचीं माणसें समजतात, वय झालें. वय झालें हें खरेंच. पण त्याचा अर्थ काय, तो पाहण्यासारखा आहे. वाढत्या वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान राहूं लागते आणि आंतील भिंग पिंवळसर होत जातें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशींतल्या माणसाच्या मानानें सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. म्हणजे नातवाला ज्या उजेडांत सहज वाचतां येतें, तो आजोबांच्या लेखीं तिन्हीसांजेचा उजेड असतो. त्यांना नेत्रवैद्याकडे अवश्य न्यावें; मोतीबिंदु, कांचबिंदु ह्यांची तपासणी कधींहि टाळूं नये. पण त्याच दिवशीं त्यांच्या खुर्चीशेजारीं, खांद्याच्या किंचित् मागें, एक उभा दिवाहि आणून ठेवावा. त्याला खालीं झोत पाडणारी आड हवी. कारण उघड्या दिव्याची तिरीप वृद्ध डोळ्यांना तरुणांपेक्षां अधिक छळते. त्यांना उजेड अधिक हवा, आणि दिवा मात्र दिसतां कामा नये. माणसाचें वाचन सुटलें, कीं त्याचा दिवस फार लांब होतो. तें एका दिव्यासाठीं सुटूं देणें बरें नव्हे.

शिकणाऱ्या मुलाला हाच नियम लागू आहे. त्यांत भर एवढीच, कीं उजव्या हातानें लिहिणाऱ्याला उजेड डाव्या बाजूनें यावा आणि डावखुऱ्याला उजव्या बाजूनें, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाहीं. मात्र टेबलावर झोत आणि बाकी खोली काळोखांत, अशी व्यवस्था करूं नये. नजर वर केली कीं अंधार आणि खालीं केली कीं लख्ख उजेड, ह्या येरझाऱ्यांनीं डोळे थकतात. खोलींत वावराचा मंद उजेड असूं द्यावा आणि त्यावर कामाचा उजेड चढवावा. संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यालाहि असाच मागून थोडा उजेड असावा. पडद्यांत दिव्याचें प्रतिबिंब मात्र पडूं देऊं नये.

रात्रींची व्यवस्था पुष्कळ घरांत कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. मध्यरात्रीं उठलेल्या माणसानें ट्यूब लावली, तर डोळे दिपतात, त्याची झोंप मोडते आणि शेजारच्याचीहि मोडते. म्हणून तो बहुधा ती लावीतच नाहीं. अंधारांतच चालतो आणि उंबरठ्याला किंवा ओल्या फरशीला फसतो. म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडलें, म्हणजे पुष्कळदां तो माणूस पुन्हां पूर्वींसारखा हिंडूं-फिरूं शकत नाहीं. बिछान्यापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिंवळसर मंद दिवे लावल्यास हें संकट पुष्कळ अंशीं टळतें. पूर्वीं घरोघरीं ‘झिरोचा बल्ब’ असे. नांव झिरो, पण तारेचा तो बल्ब सुमारे पंधरा वॅट वीज खाई. आतां अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रात्रभर पुरतो, आणि कांहीं दिवे अंधार पडतांच आपोआप लागतात. जिना असेल, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना टू-वे बटणें हवींत, आणि प्रत्येक पायरीची कड स्पष्ट दिसली पाहिजे.

आतां उजेडाच्या रंगाविषयीं. दिव्याच्या खोक्यावर केल्विन ह्या परिमाणांत एक आंकडा छापलेला असतो. आंकडा लहान असला, तर उजेड पिंवळसर व ऊबदार. मोठा असला, तर निळसर पांढरा. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड सुमारे २७०० केल्विनचा असे. ‘कूल डेलाइट’ म्हणून विकला जाणारा ६५०० चा असतो. ट्यूबच्या अनेक वर्षांच्या सहवासानें पांढराफेक तोच खरा उजेड, आणि पिंवळा म्हणजे कमी उजेड, अशी आपल्यापैकीं अनेकांची समजूत झाली आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे. हल्लींचा पांढरा एलईडी दिवा मुळांत बहुधा निळा असतो. निळ्या प्रकाशावर पिंवळ्या द्रव्याचा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. तो निळा प्रकाश कार्यक्षम रीतीनें निर्माण करण्याची युक्ति साधल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा ह्या तिघांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ह्या निळ्या अंशाला आणखी एक गुण आहे. डोळ्याच्या पडद्यांत पाहण्याचें काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी कांहीं पेशी स्वतः प्रकाश ओळखतात आणि मेंदूंतील दिवस-रात्रीच्या घड्याळाला वर्दी देतात, असें २००२ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. पुढें माणसांच्या डोळ्यांतहि अशा पेशी असल्याचें सिद्ध झालें. ह्या पेशींना निळसर प्रकाश विशेष जाणवतो. रात्रीं दहा वाजतां निजण्याच्या खोलींत लख्ख निळसर दिवा लावणें म्हणजे शरीराला दुपार झाल्याची खोटी बातमी देण्यासारखें आहे. म्हणून निजण्याबसण्याच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचे दिवे घ्यावेत. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० पर्यंतचा स्वच्छ पांढरा उजेड चालेल.

आतां दिवाणखाना, शोभेचा प्रश्न मुख्यतः येथें येतो. हल्लीं छताखालीं दुसरें छत करून त्यांत डझन-दोन डझन वाटोळे दिवे बसविण्याची चाल पडली आहे. ते सर्व एकदम लागले, कीं घराला दुकानाची कळा येते. सगळीकडे सारखा उजेड पडला, म्हणजे कोठेंच पाहावेसें वाटत नाहीं. आश्विन अमावास्येच्या रात्रीं अंगणांतील पणती इतकी सुंदर कां दिसते? ज्योत तर एवढीशी. तिच्या भोंवतीं अंधार असतो, म्हणून ती खुलते. घरांतहि कांहीं कोपरे सावलींत राहूं द्यावेत. उंचावरच्या एका प्रखर दिव्यापेक्षां निरनिराळ्या उंचीवरचे तीन मंद दिवे बसणाऱ्यांचे चेहरे अधिक सौम्य दाखवितात. एक उभा दिवा कोपऱ्यांत, एक टेबलावर आणि एक भिंतीवर झोत टाकणारा, एवढ्यानें मध्यम खोलीचें काम भागतें. भिंतीवर उजेड टाकला, कीं खोली मोठी भासते. कारण पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं बहुतेक परत देते, आणि गडद भिंत त्यांतला बराचसा गिळून टाकते. भिंतींना गडद रंग देणाऱ्यानें अधिक दिव्यांची तयारी ठेवावी.

प्रत्येक दिव्याला वेगळें बटण असावें. पाहुण्यांच्या वेळीं तीन, वाचतांना एक, गाणें ऐकतांना कोपऱ्यांतला तेवढाच, अशी निवड करतां आली, म्हणजे एकाच खोलीच्या चार खोल्या होतात. उजेड कमीजास्त करणारा डिमर लावावयाचा असेल, तर त्यावर चालणारा एलईडी दिवाच मागून घ्यावा. सर्वच दिवे त्यावर चालत नाहींत. आरशाचा दिवा आरशाच्या वर न लावतां दोन्ही बाजूंना लावावा, म्हणजे दाढी करतांना हनुवटीखालीं आणि कुंकू लावतांना डोळ्यांखालीं सावल्या पडत नाहींत. आणि ज्या घरीं देवापुढें समई लागते, तेथें ती तेवत असेपर्यंत डोक्यावरचा पांढरा दिवा मालवून पाहावा. समईला आपला उजेड पुरता येतो.

खरेदीविषयीं थोडेसें. वॅट हा आंकडा दिवा किती वीज खातो, तें सांगतो. किती प्रकाश देतो, तें सांगत नाहीं. त्यासाठीं ल्यूमेनचा आंकडा पाहावा. साठ वॅटचा जुना बल्ब सातशे-आठशे ल्यूमेन देई. तितकाच प्रकाश आज आठ-नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज सहा तास जळणारा जुना बल्ब तीस दिवसांत जवळजवळ अकरा युनिट खाई. नऊ वॅटचा दिवा दोन युनिटांच्या आंतच राहतो. २०१५ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या ‘उजाला’ योजनेनंतर हे दिवे सामान्य कुटुंबांतहि पोंचले. दुसरा आंकडा रंगांच्या खरेपणाचा. त्याला सीआरआय म्हणतात. तो शंभरपैकीं मोजतात. ऐंशींच्या खालचा दिवा घरांत आणूं नये. ओट्यावर आणि आरशाशीं नव्वदीचा मिळाल्यास उत्तम. हलक्या दिव्याखालीं पिकलेला टोमॅटो तपकिरी आणि निरोगी माणूस आजारी दिसतो. दिव्याकडे मोबाईलचा कॅमेरा धरला असतां चित्रावर काळे पट्टे ठळकपणें सरकतांना दिसले, तर तो दिवा लुकलुकत आहे असें समजावें. साध्या डोळ्यांना ही लुकलुक दिसत नाहीं, परंतु कांहीं लोकांचें डोकें तिनें दुखतें.

हें सर्व ऐकून भाड्याच्या घरांत राहणारे श्रोते म्हणतील, “आम्हांला भिंती फोडतां येत नाहींत.” त्यांनीं मुळींच निराश होऊं नये. उभे दिवे, टेबलावरचे दिवे, कपाटाखालीं चिकटणाऱ्या पट्ट्या ह्यांना भिंत फोडावी लागत नाहीं, आणि घर बदललें, तर ते बरोबर येतात. फक्त दोन पथ्यें पाळावींत. वायर सतरंजीखालून किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवरून नेऊं नये, आणि एकाच प्लगला पांच जोडण्या लटकवूं नयेत. नवें वायरिंग करावयाचें असेल, तर तें परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावें. ओल्या हातांच्या जागीं तर विशेष काळजी घ्यावी.

शेवटीं एक छोटें काम आपणांस सांगून ठेवतों. आज दिवेलागण झाली, कीं कागद-पेन्सिल घेऊन घरांत एक फेरी मारा. खोलीचा आराखडा काढा, पण त्यांत टेबल-खुर्च्या मांडण्याआधीं माणसें मांडा: कोण कोठें बसतें, काय करतें, त्याची सावली कोठें पडते. घरांतील प्रत्येकाच्या जागीं दोन-दोन मिनिटें स्वतः बसून पाहा. ओट्याशीं उभे राहा, आजोबांच्या खुर्चींत वर्तमानपत्र उघडा, आणि सर्व दिवे मालवून बिछान्यापासून मोरीपर्यंत एकदां सावकाश चालून या. जेथें अडखळाल, तेथें पहिला दिवा. जेथें डोळे ताणावे लागतील, तेथें दुसरा. जेथें दिवा डोळ्यांत खुपेल, तेथें आड. इतकें झाल्यावर पैसे उरले, तर चित्रावर झोत टाकणारा दिवा खुशाल आणा. आणि वायरमन पुन्हां कधीं आपल्या दारीं आला व त्यानें पॉइंट कोठें काढूं म्हणून विचारलें, तर तो कागद त्याच्यापुढें ठेवा.